कुत्रं कापू नको

मोहढाण्याच्या खाली, सिपन्याच्या कोरड्या पात्रात
आम्ही पहिला बाप्या बनवला आणि पहिली बाई,
वारुळाच्या लाल मातीचे, हातहातभर उंच.
कहाणीत ही माती कावळ्यानं शोधली.
आम्हाला दाखवली रतनच्या शेळीनं,
वारुळाला शिंगं घासत उभी होती.

कॅमेरा म्हणजे माझा मोबाईल,
काच तडकलेली, चार्ज सत्तेचाळीस टक्के.
स्टँड म्हणजे सागाच्या तीन काठ्या
आणि त्यांना आवळलेली सायकलची ट्यूब.
जसमायनं भोपळ्यात ज्वारी भरून खुळखुळा केला,
तो वाजायच्या आधी कोंबड्या जमल्या.

बुखरूबाबा कासदेकर किंगरी घेऊन दगडावर बसले.
भोपळा त्यांच्याच कुडावरचा, दांडा बांबूचा,
तार जावयाच्या मोटारसायकलच्या ब्रेकची,
पीळ उलगडून एकच काढलेली.
"मग जावई थांबते कसा?"
"पायानं," म्हणाले, आणि खुंटी पिळली.

मी म्हटलं, बाबा, कहाणी थोडक्यात सांगा, बॅटरी कमी आहे.
बाबांनी थोडक्यात सांगितली नाही.
महादेवानं मूर्ती घडवल्या, जीव घालायचा राहिला होता,
रात्री इंद्राचे घोडे आले, टापांनी तुडवून गेले.
दुसऱ्या दिवशी पुन्हा घडवल्या.
रात्री पुन्हा घोडे.
शेवटी महादेवानं आधी कुत्रं बनवलं.
कुत्रं भुंकलं. घोडे पळाले.
मग सकाळी आपण उठलो.
(आमच्या घरी असं सांगतात.
नाल्यापलीकडच्या घरी घोडे दोनच असतात.)

घोडा म्हणून प्रकाश येणार होता,
सायलेन्सर काढलेल्या गाडीवर, तोंडाला राख फासून.
कुत्रं मी गाळलं होतं.
कुत्र्याला कोण समजावणार कुठे थांबायचं ते?

बाबांचा गज तारेवर आला.
त्या सुराला मी आजही नाव देऊ शकत नाही,
उन्हात दार करकरावं आणि आत कुणी नसावं, तसा काहीसा.
रतननं भुगडू तोंडाला लावली,
बांबूतून आधी थुंकी आली, मग वारा, मग सूर.
धुळीतून प्रकाश आला,
आणि त्याच्या मागं, कुणी न बोलावता, भुऱ्या,
आमच्या गावाचं, कुणाचंच नसलेलं कुत्रं,
जीव तोडून भुंकत
सुराच्या ऐन मध्यावरून गेलं.

आठ टक्के.
दुसरा टेक झालाच नाही.

धारणीला मोबाईलच्या दुकानात मागच्या बाकावर
मी ते तीन सेकंद काढायला बसलो.
बाबा औषध घ्यायला आले होते, मागं उभे राहिले.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "कुत्रं कापू नको रे पोट्ट्या.
ते गेलं तर मूर्त्या मोडतीन.
मूर्त्या मोडल्या तर तू कुठून येशीन
हे कापाले?"

दुकानदार हसला. मी पण.
बाबा हसले नाहीत.
पिशवीतून गज काढून काचेच्या काउंटरवर ठेवला.
"हे केस कशाचे मालूम हाय?
परतवाड्याच्या वरातीतल्या घोड्याच्या शेपटाचे.
मालक जेवाले गेला होता.
त्यायनं आपल्याले मोडलं ना,
मग रडायचं काम आता त्यायचंच."

व्हिडिओ पाहायला टेकडीवर जावं लागतं,
अंजनाच्या झाडाजवळ दोन दांड्या येतात.
सगळं गाव चढलं.
भुऱ्या भुंकला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या,
खरा भुऱ्या खाली गावात एकटाच होता,
त्यानं ऐकलं असावं, उत्तर दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पात्रात मूर्ती बघायला गेलो.
बाप्या तसाच उभा होता, पायाशी कुत्र्याची झोपून दबलेली वाळू.
बाईच्या खांद्यावर मात्र एक खूर उमटला होता.
गाईचाच असेल, रतन म्हणाला.
दुभंगलेला होता की अखंड,
नीट पाहायच्या आत जसमायनं
बोटाला थुंकी लावून
खांदा लिंपून टाकला.